सात मिनिटांचा नियम

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून गेल्या पन्नास वर्षांत अनेक विद्वानांची व्याख्याने झाली. मी त्यांतील बरीचशी समोरच्या सतरंजीवर बसून ऐकली आहेत. कापडाचे तागे उलगडण्यात आणि पुन्हा घडी घालून ठेवण्यात ज्याचे आयुष्य गेले, अशा वाणिज्य शाखेच्या साध्या पदवीधराने आरोग्यावर बोलावे, हे धाडसच आहे. कार्यवाहांनी विषय सुचविला तेव्हा मी त्यांना म्हणालो, "अहो, डॉक्टरांना बोलवा." त्यावर ते म्हणाले, "काय करावं हे डॉक्टर दरवर्षी सांगतात. ते आपल्याच्यानं का होत नाही, हे तुम्ही सांगा." या बाबतीत माझा अनुभव दांडगा आहे हे मान्य करून मी होकार दिला.

सतरंजीचा उल्लेख मी सहज केलेला नाही. आपले हे सभागृह झाले तेव्हा मागच्या भिंतीलगत दोन लाकडी खुर्च्या असत आणि त्यांवर गावातील अतिवृद्ध मंडळी बसत. आज मी येथून पाहतो आहे, तर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या चार रांगा भरल्या आहेत आणि सतरंजी निम्मी मोकळी आहे. खुर्चीवर बसणाऱ्यांत माझ्याहून वयाने लहान असलेलेही काहीजण दिसतात. मी कोणाला दोष देत नाही. पाच वर्षे मीही त्याच रांगेत होतो. वरच्या मजल्यासाठी लिफ्ट बसविण्याचा ठराव झाला त्यावर माझीही सही आहे.

माझे थोरले बंधू, ज्यांना आपण सर्वजण अण्णा म्हणत होतो, यांच्यापासून सुरुवात करतो. आम्हा दोघांत दुकानाची गादी त्यांची. सकाळी दहाला ते गादीवर बसत ते रात्री नऊलाच उठत. २०१५ च्या दिवाळीत त्यांनी फिरायला जाण्यासाठी चांगले महागाचे बूट आणले. "हंगाम उरकू दे, संक्रांतीपासून रोज पाच किलोमीटर," असे त्यांनी मला सांगितले. संक्रांतीच्या चार दिवस आधी हृदयविकाराने ते गेले. ते बासष्ट वर्षांचे होते. बूट खोक्यातून बाहेर निघालेही नव्हते.

अण्णांना व्यायामाची नावड नव्हती. त्यांचे ध्येयच पाच किलोमीटरचे होते आणि पाच किलोमीटरला एक तास लागतो. असा मोकळा तास हंगामात मिळत नाही. हंगाम मात्र आपल्या धंद्यात कधी संपतच नाही. लग्नसराई, मग शाळांचे गणवेश, मग गौरी-गणपती, मग दिवाळी. त्यांनी पाच मिनिटांचे ध्येय ठेवले असते, तर ते दिवाळीच्या पाडव्यालाच सुरू झाले असते. ते वाचले असते असे मी म्हणत नाही. तेवढे ज्ञान मला नाही. पण बूट वापरले गेले असते.

एवढे पाहूनही मी शहाणा झालो नाही. २०१८ साली श्रवणबेळगोळला महामस्तकाभिषेक झाला. त्या गर्दीत जाणे झाले नाही म्हणून काही महिन्यांनी आम्ही सहकुटुंब दर्शनासाठी गेलो. विंध्यगिरीच्या खडकात कोरलेल्या पायऱ्या सहाशेहून अधिक आहेत आणि त्या अनवाणी चढावयाच्या असतात. लहानपणी वडिलांबरोबर मी तो डोंगर धावत चढलो होतो. या वेळी निम्म्यावरच छाती भात्यासारखी चालू लागली आणि मी खाली बसलो. अखेर डोली केली. भगवान बाहुबलींच्या ५७ फूट उंच मूर्तीपुढे उभा राहिलो, परंतु मन दर्शनात लागेना. चार घामेजलेल्या माणसांच्या खांद्यावर मी माझे अठ्ठ्याऐंशी किलो ओझे ठेवले होते. ज्यांना खरोखरच चढणे शक्य नाही त्यांनी डोली करावी, तो त्या माणसांचा चरितार्थ आहे. मात्र मी केवळ दुकानात बसून बसून तसा झालो होतो.

परतल्यावर निश्चय केला. एक जानेवारी २०१९ पासून पहाटे साडेपाचला उठणे, व्यायामशाळा, दिवसाला दहा हजार पावले, साखर पूर्ण बंद आणि सहा महिन्यांत दहा किलो वजन कमी. माझी सौ. म्हणाली, "अहो, दुकानातल्या माळ्यावर चढायला तुम्हाला माणूस लागतो, आणि एकदम डोंगर चढायला निघालात?" मी तिकडे दुर्लक्ष केले. वर्षाची वर्गणी एकरकमी भरली, कारण तीत सवलत होती. सवलतीचा फलक लावून एका साडीच्या जागी तीन विकणारा मी, दुसऱ्याच्या फलकाला मात्र अलगद भुललो. व्यायामशाळेत एकूण एकोणीस दिवस गेलो. विसाव्या दिवशी उजवा गुडघा सुजला. गुडघा पंधरा दिवसांत बरा झाला, मन मात्र सहा महिने झाले नाही. मोठा निश्चय मोडला की माणूस पूर्वी होता तेथे राहत नाही, दोन पायऱ्या खाली जातो. कारण 'आपल्याच्याने होणार नाही' असा पुरावाच त्याच्या हाती आलेला असतो.

त्या दहा हजार पावलांची कथा मला नंतर समजली. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली जपानमध्ये पावले मोजण्याचे एक यंत्र विक्रीस आले. त्याचे नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. आकडा गोल आणि लक्षात राहणारा होता. म्हणजे तो मुळात वैद्यकशास्त्रातून नव्हे, तर बाजारातून आला. पुढे २०१९ साली अमेरिकेत सरासरी बहात्तर वर्षे वयाच्या १६,७४१ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ४१ टक्के कमी दिसले आणि साधारण ७,५०० पावलांनंतर आणखी लाभ दिसेनासा झाला. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. ज्यांची प्रकृती मुळातच चांगली त्या अधिक चालत असतील, हेही त्यात आलेच. तरी माझ्यासारख्याला त्यातून एवढे निश्चित कळले, की शून्य आणि दहा हजार यांच्यामध्ये बरीच वस्ती आहे.

जून २०१९ मध्ये रक्त तपासले. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखविणारा आकडा ७.४ आला. माझा पुतण्या डॉक्टर आहे. त्याने औषध लिहून दिले आणि मग विचारले, "काका, किती चालू शकाल असं मी विचारत नाही. ऐन लग्नसराईत, दुकानात गिऱ्हाईक उभं असताना, संध्याकाळच्या जेवणानंतर किती मिनिटं चालाल, ते सांगा."

मी प्रामाणिकपणे हिशेब केला. घरून डबा साडेपाचला दुकानात येतो. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकून मी पुन्हा गादीवर बसतो. दुकानापासून पेठेच्या टोकापर्यंत जाऊन परत येण्यास लागतात सात मिनिटे.

"सात," मी म्हणालो.

"मग सातच. आठ चाललात तर मला आवडणार नाही."

खरे सांगतो, मला त्याचा राग आला. दहा किलोंचा संकल्प केलेल्या माणसाला सात मिनिटे म्हणजे अपमानच वाटला. पण दुसऱ्या दिवशी अण्णांचे बूट खोक्यातून काढले. आम्हा दोघांच्या पायाचे माप एकच. डबा संपवला आणि पेठेच्या टोकापर्यंत जाऊन आलो.

त्याने जेवणानंतरचीच वेळ का निवडली, हे त्याने नंतर सांगितले. जेवणानंतर रक्तातील साखर वर चढत असते आणि त्याच वेळी पायांचे स्नायू कामाला लागले की ते ती साखर वापरतात. २०१३ साली साठीपुढील दहा व्यक्तींवर अमेरिकेत एक छोटा प्रयोग झाला होता. तिन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटे चालण्याने दिवसभराची साखर सलग पंचेचाळीस मिनिटे चालण्याइतकीच सुधारली आणि रात्रीच्या जेवणानंतरची साखर तर अधिक चांगली राहिली. माणसे दहाच होती, त्यामुळे त्यावर फार मोठा इमला बांधू नये. पण आपल्या समाजाची एक सोय पाहा. रात्री साडेनऊला जेवून झोपणाऱ्याला जेवणानंतर चालण्यास वेळच उरत नाही. आपण दिवस मावळण्याआधी जेवतो. संध्याकाळ आपल्याकडे शिल्लकच असते, आणि ती आपण दूरदर्शनसंचाला देऊन टाकतो.

पहिले दोन महिने सातच मिनिटे चाललो. मग पंधरा दिवस जे सहज जमले त्यात दीड-दोन मिनिटांची भर, अशा रीतीने वर्षअखेर वीस मिनिटांवर आलो. या काळात मी एक गोष्ट कटाक्षाने पाळली. ध्येय कृतीचे ठेवले, फळाचे नाही. वजन किती उतरावे हे माझ्या हाती नाही, बूट घालणे माझ्या हाती आहे. आपण व्यापारी मंडळी हे जाणतोच. आज विक्री किती होईल ते सांगता येत नाही. दुकान दहाला उघडणे तेवढे आपल्याकडे असते. जो रोज सकाळी विक्रीचा आकडा ठरवून शटर वर करतो आणि तो गाठला नाही म्हणून दुसऱ्या दिवशी दुकानच उघडत नाही, त्याला आपण मुलगी देऊ का?

रोजमेळाच्या शेवटच्या ओळीत मी चाललेली मिनिटे लिहू लागलो. सायंकाळी रोकड जुळविताना ती ओळ आपोआप समोर येते. हिशेबाचा एक नियम मात्र येथे उलटा लावावा लागतो. वाणिज्य शाखेत आम्हाला शिकविले, की शिल्लक असो वा येणे असो, ते पुढच्या पानावर ओढलेच पाहिजे. चालण्याची थकबाकी पुढे ओढू नये. काल राहिली म्हणून आज दुप्पट, या हिशेबानेच माझा गुडघा सुजला होता. एक दिवस चुकला तर ती ओळ कोरी ठेवावी, पान उलटावे आणि नव्या पानावर पुन्हा सातच लिहावेत. लंडनमध्ये शहाण्णव जणांवर सवयी कशा जडतात याचा अभ्यास झाला. एखादी कृती अंगवळणी पडण्यास मध्यम मानाने सहासष्ट दिवस लागले. कोणाला अठरा दिवस पुरले, तर कोणाच्या बाबतीत हिशेब दोनशे चौपन्न दिवसांपर्यंत गेला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, असेही त्यात आढळले. एकवीस दिवसांत सवय जडते असे आपल्याला कोणीतरी सांगितलेले असते आणि बाविसाव्या दिवशी कंटाळा आला की आपण स्वतःला नालायक ठरवतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि दुकान बंद झाले. तेव्हा माझ्या लक्षात आले, की चालण्याची खुंटी मी नकळत योग्य ठिकाणी ठोकली होती. ती दुकानाला बांधलेली असती तर दुकानाबरोबर सुटली असती. ती जेवणाला बांधली होती आणि जेवण काही बंद झाले नव्हते. घराच्या ओसरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत अकरा पावले होतात. तीवर मी वीस मिनिटे येरझारा घातल्या. नातवंडे हसत. पुढे एप्रिल २०२१ मध्ये मला करोना झाला. चोवीस दिवस ओळी कोऱ्या राहिल्या. उठलो तेव्हा वीस मिनिटांचा अभिमान बाजूला ठेवून तीन मिनिटांपासून आरंभ केला. ही माघार मला २०१९ मध्ये जमली नसती.

आता माळ्याविषयी. आपल्यापैकी ज्यांची दुकाने आहेत त्यांना ही गंमत वाटेल. १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच गाडीवर दोन माणसे. चालक दिवसभर बसलेला, वाहक दिवसभर जिना चढत-उतरत तिकिटे देणारा. वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला आणि ज्यांना झाला त्यांना तुलनेने सौम्य झाला. हे वाहक दिवसाकाठी पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढत, म्हणजे जवळजवळ रोज एक विंध्यगिरी! पुढे १९५६ मध्ये त्याच मंडळींनी या कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापे तपासली. चालकांच्या पँटची कंबर वाहकांपेक्षा मोठी निघाली. यातून एक शंकाही पुढे आली, की मुळातच जाड असलेली माणसे चालकाची नोकरी धरत असतील आणि सगळे श्रेय जिन्याला देता येणार नाही. शिंप्याच्या मापवहीतून वैद्यकशास्त्राला शंका सुचली, याचा कापडवाला म्हणून मला फार आनंद झाला.

आमच्या दुकानातही हेच चालक आणि वाहक आहेत. मी गादीवर आणि आमचे नोकर दिवसातून तीस-चाळीस वेळा माळ्यावर. सोळा पायऱ्या आहेत. मी ठरविले, की रोज एक तागा स्वतः आणावयाचा. पहिल्या दिवशी सर्व नोकर धावून आले, "मालक, राहू द्या, राहू द्या." एका वर्षानंतर पाच तागे झाले आणि मग कोणी धावून येईनासे झाले. येथे एक सावधगिरी सांगतो. गुडघ्याचे दुखणे असलेल्यांना जिना चढण्यापेक्षा उतरताना अधिक त्रास होतो. म्हणून आपल्या लिफ्टचा उपयोग त्यांनी उतरण्यासाठी करावा आणि जमल्यास चढताना कठड्याला धरून एक मजला पायांनी यावे. छातीत दडपण, चक्कर किंवा चढताना एकाएकी दम लागणे, असे काही असेल तर प्रथम डॉक्टरांकडे जावे, माझ्या भाषणावर विसंबू नये. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी पर्युषणातील उपवासांच्या दिवसांत औषधाची मात्रा आणि चालणे दोन्ही विचारून ठरवावे.

भगिनींचा एक आक्षेप मला ठाऊक आहे. "दिवसभर घरात राबतो, आणखी व्यायाम कशाला?" सौ. तेच म्हणत असे. पण सतरंजीवर बसल्यावर हाताचा टेका घेतल्याशिवाय तिला उठता येईना. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटांच्या मध्यम हालचालीबरोबर दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम आणि पासष्टीपुढे तीन दिवस तोल सांभाळण्याचा सरावही सुचविते. कुकर चढविला की पहिल्या शिट्टीपर्यंत खुर्चीवरून हात न टेकता उठावयाचे आणि बसावयाचे, असे तिने स्वतःच ठरविले. आरंभी चार वेळा जमे, आता पंधरा वेळा जमते. गेल्या पर्युषणापासून ती पुन्हा सतरंजीवर बसते. याच संघटनेच्या २०१० च्या सूचनांत सलग किमान दहा मिनिटे हालचाल झाली तरच ती मोजावी अशी अट होती. २०२० मध्ये ती अट काढून टाकली. म्हणजे मी चालू लागलो तेव्हा माझी सात मिनिटे हिशेबातच धरली जात नव्हती. वर्षभरानंतर ती जमा धरली गेली!

आपल्या श्रावकाचारात यम आणि नियम असा भेद आहे, हे येथे बसलेल्या पंडितांना मी सांगण्याची आवश्यकता नाही. जन्मभरासाठी घेतात तो यम, ठरावीक काळापुरता घेतात तो नियम. मुनींची महाव्रते वेगळी आणि गृहस्थाची अणुव्रते वेगळी. माणसाची शक्ती ओळखून मोजमाप करण्याची ही रीत मला व्यायामापुरती फार उपयोगी पडली. मी आजही आजन्म चालेन असे म्हणत नाही. पंधरा दिवसांचा नियम घेतो आणि तो संपला की पुढील पंधरा दिवसांचा घेतो.

जमाखर्चही सांगितला पाहिजे. औषध चालू असताना माझा ७.४ चा आकडा वर्षभरात ६.६ वर आला. यातील औषधाचे किती आणि चालण्याचे किती, हे पुतण्यालाही सांगता येत नाही. वजन तीनच किलो उतरले. कंबर एकोणचाळीस इंचांवरून सदतीसवर आली. भारतीय पुरुषासाठी डॉक्टर ९० सेंटीमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच आणि स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर ही मर्यादा सांगतात. अर्थात दीड इंच अजून येणे बाकी आहे.

जानेवारी २०२४ मध्ये आम्ही पुन्हा श्रवणबेळगोळला गेलो. खडक तापण्यापूर्वी, सकाळी साडेसहाला चढण्यास आरंभ केला. पायथ्याशी डोलीवाल्यांनी विचारले. मी हात जोडले. तीन ठिकाणी बसलो. एका ठिकाणी तर चांगली दहा मिनिटे बसलो आणि वाटले, की झाले. सौ. दोन पायऱ्या पुढे थांबली होती. ती म्हणाली, "माळा समजा. एक तागा आणायचाय." असे सोळा सोळा पायऱ्यांचे माळे मोजत आम्ही वर पोहोचलो. त्या दिवशी मूर्तीपुढे उभा राहिलो तेव्हा मन इतरत्र कोठे गेले नाही.

विश्वस्तांना एक छोटी विनंती आहे. जिन्याच्या दुसऱ्या बाजूलाही कठडा बसवावा. एका बाजूच्या कठड्याने उजवा गुडघा दुखणाऱ्याची सोय होते, डावा दुखणाऱ्याची होत नाही. त्याचा खर्च देण्यास मी तयार आहे.

मला दिलेला वेळ संपला. साडेपाच होत आले असून सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची व्यवस्था खालच्या दालनात केली आहे. भोजनानंतर मी मंदिरापासून पेठेच्या टोकापर्यंत जाऊन येणार आहे. ज्यांना सवड असेल त्यांनी बरोबर यावे. जाऊन-येऊन नऊ मिनिटे लागतात.